शिकवलेलं हसू

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडं धरला न धरला तोच टेबलावर टाकला, आणि केसरबाईचं डोकं तिथंच फिरलं. हा चौथा डॉक्टर!

"काय होतंय, सांग बरं," त्यांनी तिच्या चोवीस वर्षांच्या लेकीला विचारलं.

"कंबर आणि दोन्ही मनगटं दुखतात. तीन वर्षं झाली, रोज दुखतात," बुद्धप्रिया म्हणाली आणि छान हसली.

"बघा! दुखत असलं तर माणूस असं हसतं होय? ऑटिझम असला की दुखणं फारसं कळतच नाही, मावशी. मनाचे खेळ आहेत." त्यांनीही आधीच्या तिघांसारख्याच ताकदीच्या गोळ्या खरडल्या.

केसरबाईला शिसारी आली. डॉक्टरची तर आलीच, पण त्याहून जास्त स्वतःची आली. ते हसू तिनंच शिकवलं होतं. पोरगी लहानपणी कुणाच्या तोंडाकडं बघायची नाही, म्हणून भवानी पेठेतल्या बाया तिला येडी म्हणायच्या. मग केसरबाई तिला रोज आरशापुढं बसवायची. समोरच्याकडं बघायचं, बोलणं झालं की हसायचं. चुकलं की पुन्हा. पोरगी कान झाकून किंचाळायची, तरी ही सोडायची नाही. पुढं लग्नाकार्यात बाया म्हणायच्या, "लई गोड हसती गं!" आणि हिची छाती फुगायची. थू असल्या कौतुकावर!

"अवो, ते हसू खरं न्हाय, मी शिकवलंय," ती म्हणाली. "चिंचोळीच्या कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवती. दुपारनंतर हिला कापड धरवंना. घरी आली की फरशीवर आडवी पडती. मोठी तपासणी लिवून द्या की."

"रडत आली असती तर दिलीही असती." डॉक्टर हसले आणि त्यांनी पुढच्या पेशंटसाठी बेल दाबली.

जिन्यात बुद्धप्रियाला पायरी उतरवेना. कठडा धरून ती एकेक पाऊल टाकत होती. तेवढ्यात वर येणारी एक बाई "जरा सरक गं" म्हणाली, तर बुद्धप्रिया तिच्याकडं बघूनही हसली. केसरबाईनं तिचा दंड धरला.

"फुडच्या येळी डॉक्टरपुढं रडायचं. कळलं का?"

बुद्धप्रिया थांबली. तिनं नीट विचार केला.

"हसायला चार वर्षं लागली, आई. रडायला किती लागतील?"

केसरबाईनं लेकीला पायरीवर बसवलं आणि पदर खोचला.

"रडायचं न्हाय. हसायचंबी न्हाय. हितंच बस. त्यो तपासणी लिवून देईस्तवर मी काय त्याच्या दारातनं हलत न्हाय."

आईचं बोलणं संपलं, तशी बुद्धप्रिया हसली.