विसरून खाल्लेलं केळं

रोज्यांच्या दिवसांत धाकट्या शिंप्याचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि तो निघायचाही बहुतेक मोठ्या भावावरच. त्या दुपारी तर त्याला घबाड सापडलं. मशीनवर बसल्या बसल्या मोठा भाऊ कुठल्याशा तंद्रीत केळं सोलून चक्क खात होता. शेवटचा घास गिळल्यावर त्याला आठवलं. त्याने जीभ चावली, तोबा तोबा करत चूळ भरली आणि मान खाली घालून पुन्हा शिवायला लागला.

धाकट्याच्या पोटात सकाळपासून दुसरं काहीच नव्हतं, तरी ही गोष्ट त्यात मावेना. इस्त्रीवाल्याला सांगून झालं, बटणवाल्याला सांगून झालं. मावळतीला घरी आल्यावर त्याने खजूर मांडत बसलेल्या अम्मीलाही तिखटमीठ लावून सांगितलं.

"पन्नाशीला टेकला, तरी पोटावर ताबा नाही त्याचा!"

"अरे, विसरून खाल्लं तर रोजा तुटत नाही," अम्मी म्हणाली. "तो घास अल्लानेच भरवला म्हणायचा."

"वा! म्हणजे त्याची चंगळ, आणि मी मात्र सकाळपासून तोंडात काही घातलं नाही!"

"नाही घातलंस? पाठीमागे नालस्ती करणं म्हणजे भावाचं मांस खाणं, हे मीच शिकवलं होतं ना तुला? त्याने निदान केळं सोलून तरी खाल्लं. तू दुपारपासून सख्खा भाऊ सालीसकट खातोयस!"