लाइन गेलेली असताना

लेक पौर्णिमा यायच्या आत मशीन चालू झाली पाहिजे, एवढंच लहानूनं त्या शनिवारी सकाळी ठरवलं होतं.

मशीन म्हणजे मेंदीचं कुंपण छाटायची, विजेवर चालणारी, लांब दात्यांची. त्याच्या बायकोनं, पंचफुलानं, ती हौसेनं घेतली होती आणि शेवटपर्यंत तीच चालवायची. ती गेल्यावर कुंपण माजलं. मागच्या आठवड्यात लहानूनं मशीन काढली आणि छाटता छाटता तिचीच वायर दात्यांत घेतली. फाटकन आवाज झाला, ठिणगी उडाली, घरातली लाइन पडली. त्याला काही झालं नाही. पण शेजारच्या मुकेशनं सेवाग्रामला लहानूच्या मुलीला फोन लावला, आणि पौर्णिमानं निकालच देऊन टाकला.

"बाबा, बस झालं आता. शनिवारी गाडी घेऊन येते. कपडे भरून ठेवा. हिंगणीत एकट्यानं राहाचं नाई."

"वायर तुटली बाई, मी नाई तुटलो."

"हात तुटला असता म्हणजे?"

लेकीकडे त्याला कोणी काही कमी पडू दिलं नसतं. पण इथं सकाळी उठलं की पंचफुलानं लावलेलं काहीतरी पाणी मागायचं. तिथं कोणी काही मागणार नव्हतं. तो एकदा गेला की परत येणार नाही, हे त्याला कळत होतं. मशीन मोडकी पडलेली दिसली, तर लेकीशी वाद घालायला तोंडच राहणार नव्हतं.

त्यानं ओसरीत पोतं अंथरलं आणि पेचकस, पक्कड घेऊन बसला. मुकेश चहा पिऊन आला तो तिथंच टेकला.

"काकाजी, कायले एवढा पसारा मांडून राह्यले? दोन टोकं पिरगाळा, टेप गुंडाळा. झालं काम."

"बाहेरची वायर आहे, बाबू. ओढल्या जाते, ओल लागते. टेप किती दिवस राहीन?"

"आमच्या विहिरीवरच्या मोटारीची तर टेपवरच चालून राह्यली."

"म्हणूनच तुह्या मोटारीले मी हात लावत नाई."

मुकेश हसला. वायर मशीनपासून हातभर अंतरावर कापली गेली होती. तो जखमी तुकडा काढून टाकायचा आणि उरलेली लांब वायर सरळ मशीनच्या पोटात जोडायची, असं लहानूनं ठरवलं. वायर थोडी आखूड होईल, पण मध्ये जोड राहणार नाही. वायरला पुढं कुठं चीर तर नाही ना, हे त्यानं बोटांनी चाचपून पाहिलं.

"मधात कुठं तुटली तर नसन ना?" म्हणत मुकेशनं पिन ओसरीतल्या बोर्डात घातली आणि उघड्या टोकाजवळ टेस्टर नेला. तेवढ्यात डोक्यावरचा पंखा बंद पडला.

"गेली लाइन! आता तर कामच सोपं. छिला बिनधास्त. पिन राहू द्या तशीच. लाइन आली का पंखाच सांगते."

गावात सगळे असंच करत. बल्बचा होल्डर असो की मोटारीचा स्टार्टर, लाइन गेली की माणसं पेचकस घेऊन उठायची. लहानूनंही आयुष्यभर तेच केलं होतं. त्यानं वायरचं टोक चिमटीत धरलं, ब्लेड लावलं आणि थांबला.

पंचफुला दात्यांत अडकलेली काडी काढायची असली तरी आधी पिन काढायची आणि कमरेला खोसायची. तो चिडवायचा, "तिजोरीची चाबी आहे का व ते?" ती म्हणायची, "चाबीच आहे. मी इकडं बसली असन अन् तिकडून कोणी लावून देईन. अन् तुमची लाइन काय सांगून येते?"

तो उठला, बोर्डातली पिन उपटली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली.

"काऊन?" मुकेशनं विचारलं.

"उगीच."

मग घाई केली नाही. मशीनचं झाकण उघडून आतल्या तारांचा मोबाइलवर फोटो काढला. जुना तुकडा सोडवला. नवं टोक छिलताना तांब्याचा एकही धागा तुटू दिला नाही.

तेवढ्यात पंखा फिरायला लागला.

उघडं तांबं त्याच्या बोटांत होतं. मुकेशची नजर रिकाम्या बोर्डाकडे गेली. आणि फाटकातून किंकाळी आली, "बाबा! टाका ते!"

पौर्णिमा धावत आली. फिरता पंखा आणि वडिलांच्या हातातली उघडी तार तिला फाटकातूनच दिसली होती. लहानूनं खिशातून पिन काढून तिच्यापुढं धरली. पौर्णिमानं पिन हातात घेतली आणि खाली बसून रडायला लागली. आईची सवय तिलाही ठाऊक होती.

"मीच म्हणलं होतं, राहू द्या म्हणून," मुकेश पुटपुटला. "काकाजी, मी तर..."

"आता तुह्या मोटारीची पिन काढून ये जाय," लहानू म्हणाला. मुकेश खरंच गेला.

पौर्णिमानं डोळे पुसले. "आता दुसऱ्याले द्या ना हे करायले."

"अर्धं झालं. पाहा तू."

ती पाहत बसली. पिन तिनं सोडली नाही. त्यानं दोन्ही तारा आपापल्या पेचाखाली घट्ट आवळल्या, एकेक ओढून पाहिली. वायरचं जाड कवच पट्टीखाली दाबून पट्टी कसली, म्हणजे उद्या वायर ओढली गेली तरी ताण आतल्या तारांवर येणार नाही. फोटोशी ताडून पाहिलं. झाकण बसवलं. मग आत जाऊन करंट गळला की लाइन पाडणाऱ्या स्विचचं तपासणीचं बटण दाबलं. स्विच खटकन पडला. "हा शाबूत आहे," म्हणत त्यानं तो परत वर केला.

"लाव," तो म्हणाला.

पौर्णिमानं पिन लावली. त्यानं खटका दाबताच मशीन घरघरली.

या वेळी त्यानं वायर खांद्यावरून पाठीमागं टाकली आणि कोपऱ्यापासून सुरुवात केली. पौर्णिमा बोर्डाशीच उभी होती, हात स्विचवर. बऱ्याच वेळानं तिनं मशीन बंद केली.

"बाबा, मी दर रविवारी येईन. मी असतानाच मशीन काढाची. कबूल?"

"कबूल."

"नाईतर मी तुमाले घेऊन जाईन."

"मंजूर आहे. लाव आता, एक बाजू बाकी आहे."