अर्धी खोली

काडी मोडून झाली, पंचांनी विडे उचलले आणि त्यांच्यातले वडीलधारे सटवाजी उठायला लागले, तेवढ्यात दारातून मदीनाबी म्हणाली, "आन् माझ्या खोलीचं काय, पंचहो?"

सगळे थबकले. भांडी वाटली होती, शेळ्या वाटल्या होत्या, चण्याची पोतीसुद्धा वाटली होती. कळमनुरीच्या बाजारगल्लीतली खोली मात्र कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. सखुबाई आणि तातेराव या नवरा-बायकोनं ती मिळून भाड्यानं घेतली होती, चैत्राच्या पाडव्यापर्यंत. आणि पाडवा अजून लांब होता.

"दोघांच्या तोंडाकडं बघून जागा दिली मी," मदीनाबी म्हणाली. "तुमी मोडलं म्हणून माझं भाडं अर्धं होत न्हाई. दीर तेलाच्या दुकानाला जागा मागून राहिला. एक महिना जरी चुकला, तर त्याला देईन. आताच बराबर सांगते."

सखुबाईनं मान खाली घातली. खोलीच्या पुढ्यातच तिची भट्टी होती, मातीची, जमिनीत बसवलेली. ती उचलून कुठं नेता येणार नव्हती, आणि फुटाणे भाजण्यावाचून सखुबाईला दुसरं काही येत नव्हतं.

तातेराव जमिनीकडं बघत म्हणाला, "अर्धं मी देईन. पाडव्यापस्तोर."

"मला कुणाचे उपकार नको."

"उपकार काहून? जागा घेताना जबान मीबी दिली व्हती."

त्यांचं भांडण असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्यांची एकुलती पोरगी, गोदी. बापाच्या खांद्यावर बसून जत्रेला गेली आणि पटकी घेऊन आली. तिला माती दिल्यावर सखुबाई एकदाच बोलली होती, "तुमी नेली नसती तर." पुन्हा कधी तिनं तो शब्द काढला नाही, पण तातेराव त्या दिवसापासून भिंतीकडं तोंड करून जेवू लागला. एकाच भट्टीवर दोघं राबत. तो जाळ घाली, ती वाळूत चणे हलवी. बोलणं तेवढं आटून गेलं. शेवटी त्यानंच काडीमोड मागितली, आणि ती 'व्हय' म्हणाली.

तातेराव डोंगरकडा गावी उकंडरावाच्या शेतावर सालगडी म्हणून राहिला. महिन्याच्या पहिल्या बाजाराला तो कळमनुरीला येई, मदीनाबीच्या मागच्या दारी आपला वाटा देई आणि गल्लीत न शिरताच परत फिरे.

इकडं सखुबाईचे हात पुरेनात. जाळाकडं बघावं तर चणे करपत, चण्याकडं बघावं तर वाळू निवे. संध्याकाळी ती एकच भाकरी थापी आणि उभ्यानंच खाई. बसलं की समोरची जागा दिसे.

भादव्यात एका बाजाराला दिवेलागणीच्या सुमारास तातेराव दारात येऊन उभा राहिला. थंडीतापानं नुसता कापत होता.

"डोंगरकड्यापस्तोर चालवत न्हाई," तो म्हणाला. "अर्धं भाडं माझं हाय. अर्ध्यात पडू दे."

काडीमोड झालेली माणसं एका छपराखाली निजली असं पंचांच्या कानावर गेलं असतं, तर दोघांनाही वाळीत टाकलं असतं. सखुबाईनं घोंगडं अंथरलं, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, शेगडीत निखारे भरले आणि बाहेर पडली. रात्र तिनं मदीनाबीच्या पडवीत काढली.

"ज्याला सोडलं त्याच्यासाठी जीव काहून जाळतीस गं?" मदीनाबीनं विचारलं.

"सोडलं म्हणून वैर हाय का?"

सकाळी ती आली तेव्हा तो निघून गेला होता. घोंगडं नीट घडी करून ठेवलेलं होतं.

ताप मात्र त्याला सोडत नव्हता. पुढले दोन महिने तो आलाच नाही. दूरदेशी मोठी लढाई चाललेली, त्यानं चणे आधीच महागलेले. सखुबाई पहाटे उठून लोकांच्या ज्वारीच्या लाह्या फोडून देऊ लागली, आणि दोन्ही महिने तिनं मदीनाबीच्या हातावर पुरं भाडं ठेवलं.

"ह्यातलं अर्धं त्यांच्या नावावर धरा," ती म्हणाली. "जबान दिली व्हती त्यांनी. ती खोटी पडू नये."

मग तो पुन्हा महिन्याचा वाटा देऊन जाऊ लागला, पण चुकलेलं भाडं साठायला पाडवा उजाडला. त्या दिवशी तातेराव आला, वाळलेला, डोळे खोल गेलेला. कमरेची गाठ सोडून त्यानं राहिलेले पैसे पुढं केले.

मदीनाबीनं ते परत सारले. "तुझा वाटा आला रे कवाच."

"कुणी दिला?"

मदीनाबीनं मानेनंच भट्टीच्या बाजूला खूण केली. तातेरावानं पैसे पुन्हा कमरेला बांधले. मग म्हणाला, "आता जागा तिच्या एकटीच्याच नावानं द्या. माझा हक्क न्हाई म्हणून सांगा."

"तूच सांग की. इथंच तर हाय ती."

तो गल्लीकडं वळला आणि तसाच उलटा फिरला. तेलाच्या दुकानाचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही.

वैशाखातल्या एका बाजाराला भट्टीपुढं बरीच गर्दी होती. सखुबाई मान वर न करता मापं भरत होती. पुढं एका उपरण्याचं टोक आलं, आणि आवाज आला, "बाई, द्या पावशेर."

हाताचं माप हातात राहिलं. उभ्या संसारात त्यानं तिला 'अगं' म्हटलं होतं, रागानं 'ए' म्हटलं होतं. 'बाई' आणि 'द्या' आजच म्हणाला होता.

तिनं माप शिगोशीग भरलं, इतरांना घाली तशीच वर एक मूठ घातली.

"पदर दुहेरी करा," ती म्हणाली. "गरम हायेत."

त्यानं उपरणं दुहेरी केलं, फुटाणे बांधून घेतले, पैसे पाटावर ठेवले आणि बाजूला सरला. मागं उभ्या असलेल्या माणसानं आपली पिशवी पुढं केली.