मोज्यातल्या गाद्या

जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून कामिनीने बुटांतल्या दोन्ही गाद्या उपसून काढल्या आणि मोज्यांत कोंबल्या. बूट तिथेच, मधुवंतीकाकूंच्या दाराबाहेर, चपलांच्या रांगेत राहिले. ती आत शिरली.

गाद्या हाडांच्या डॉक्टरने दिल्या होत्या. हिरव्या, टणक, मधे उंचवटा. तळव्याखाली कोणी लिंबू ठेवून दिल्यासारखा. पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, तीन आठवड्यांत पायाला सवय होईल, असं तो म्हणाला होता. पायाचं ठीक होतं. पण कामिनी रस्त्याने चालायची अर्धा तास आणि पोळ्या लाटत उभी राहायची पाच तास, तेही लोकांच्या घरात, अनवाणी. टाच दुखायची ती तिथे.

"हे काय चपचप वाजतंय गं?" काकूंनी पेपरातून डोकं वर काढलं.

"कुठं काय, काकू."

"घरात बदक शिरल्यासारखं वाटतंय."

कामिनी हसली आणि कणीक मळायला लागली. पण परात उचलून वळताना डावी गादी मोज्यात फिरली. पाय सटकला, परात खणकन पडली. तिने ओट्याची कड धरली म्हणून ती तेवढी वाचली.

काकू धावत आल्या. "लागलं का? बघू, काढ तो मोजा."

मोज्यातून हिरवी गादी बाहेर आली. काकूंनी ती उलटसुलट करून पाहिली.

"अगं, हे बुटात घालतात ना?"

"बूट बाहेर राह्यते, काकू. अन् उभं तर मले आत राहा लागते."

खाली सांडलेली कणीक गोळा करता करता कामिनी, सांगायचं नाही असं ठरवलेलं, सांगून बसली. "डॉक्टर म्हणे, असंच अनवाणी उभ्या राहसान तं वर्षभरात काम सोडा लागन. एक घर तं सोडलंच मी मागच्या महिन्यात."

काकूंनी ओट्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे त्यांचं देवघर होतं. या घरात गॅस दुरुस्त करायला आलेला माणूससुद्धा बूट काढूनच आत यायचा. मग हातातली गादी त्यांनी कामिनीला परत दिली.

"उद्या बूट घालून ये," त्या म्हणाल्या. "तळ धुऊन. स्वयंपाकघरात."

दुसऱ्या दिवशी कामिनीने अंगणातल्या नळाखाली बुटांचे तळ साबणाने घासले, फडक्याने कोरडे केले, पुन्हा घासले. बैठकीतून ती नीट चालत आली. गाद्या जागच्या जागी होत्या, टाच गप्प होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मात्र ती थांबली.

कोणी अडवत नव्हतं. देवही तिचे नव्हते. तिच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. पण चुलीजवळ पायातलं घालून जायचं नाही हे तिच्या आईनेही तिला शिकवलं होतं, ओटा कोणाचा ते न विचारता.

"काय झालं?" काकूंनी खुर्चीतूनच विचारलं.

"पाय उचलून नाही राहिला, काकू."

"दुखतोय?"

"नाही ना. तेच तर."

काकूंनी पेपर घडी करून ठेवला. त्या उठून बाहेर गेल्या. नळ सुरू झाल्याचा, मग बंद झाल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात त्यांच्याच तपकिरी चपला होत्या, पाणी ठिबकत असलेल्या. भिंतीला हात टेकवून त्यांनी त्या एकेक करून पायात घातल्या. कामिनीच्या बाजूने, खाली पाहत त्या उंबऱ्याच्या आत गेल्या आणि स्वतःच्याच ओट्यासमोर पाहुण्यासारख्या अवघडून उभ्या राहिल्या. पदर उगाच खांद्यावर ओढून घेतला. देवघराकडे पाठ केली.

"ये ना वं लवकर," त्या हळूच म्हणाल्या. "मला एकटीला कसंतरीच होतंय."