वीस पावलं चुकलेला हद्दीचा दगड

मी हद्दीचा दगड. कमरेएवढा, काळा, अंगाला शेंदूर नाही. त्यामुळे माझ्याकडे कुणी नवस बोलायला आलं नाही. पण मला ओलांडताना भलेभले दबकायचे.

आटपाडीकडच्या माळावर मला रोवलं तेव्हा साहेबांनी सांगितलं, याच्या उगवतीला संस्थान आणि मावळतीला इंग्रजांचा खालसा मुलूख. मेंढ्यांना ते कधीच पटलं नाही. त्या दोन्हीकडे चरत राहिल्या.

संस्थानच्या बाजूला बिराप्पा धनगर राहायचा. एका उन्हाळ्यात घोंगडीचा ताणा बांधायला त्याला भक्कम खुंट हवा होता. पठ्ठ्यानं मला हलवून हलवून उपटलं, दोरे बांधले आणि विणून झाल्यावर परत रोवलं. अंदाज मात्र साफ चुकला. मी खालशात चांगला वीस पावलं आत शिरलो. त्याच्या ध्यानात आलं नाही, आणि मी सांगणार कुणाला?

मग बेचाळीस साल उजाडलं. बिराप्पाच्या सिद्धूनं खालशातल्या एका चावडीवर झेंडा लावला आणि त्याच्यावर वॉरंट निघालं. तो पळून घरी, म्हणजे संस्थानात आला. इकडे इंग्रजी पोलिसांना परवानगीच्या कागदाशिवाय यायला बंदी होती.

माझ्या सावलीला बसून गावच्या शाळेतल्या आकाराम मास्तरांनी बिराप्पाला समजावलं, "हे बघ, आपला राजा घरचा धनी. पण त्याच्यावर इंग्रज. त्याला सार्वभौम सरकार म्हणतात. म्हणजे ज्याच्यावर कुणीच नाही."

"मग मास्तर, त्यो हिकडंबी हाय आन् तिकडंबी हाय. मदी ह्यो दगड कशापायी?"

"ते साहेबालाच विचार," म्हणत मास्तर उठले. बिराप्पाला शब्द मात्र भारी आवडला. कुणालाच न जुमानणाऱ्या एका बोकडाला तो त्या दिवसापासून सार्वभौम म्हणू लागला.

चव्वेचाळीस साली सिद्धूचं लग्न ठरलं. मुलगी हरणा, खालशातल्या कोंडीबाची. हद्दीला लागून पलीकडचं पडीक रान कोंडीबाचंच. तो अडून बसला, "माज्या पोरीचं लगीन माज्याच जमिनीवर लागंल. न्हाईतर ऱ्हाऊ द्या." आणि सिद्धूनं तिकडे पाऊल टाकलं की बेड्या! शेवटी मास्तरांनी तोड काढली. मुलगी कोंडीबाच्या रानात उभी राहील, मुलगा संस्थानात, आणि अंतरपाट बरोबर माझ्यावर धरायचा. कोंडीबा कसाबसा कबूल झाला, पण तोंड फुगलेलंच होतं.

भर दुपारी वऱ्हाड जमलं. पलीकडच्या लिंबाखाली फौजदार चार शिपाई घेऊन बसला होता, नवरदेवाचा पाय कधी घसरतो ते बघत. मंगलाष्टकं सुरू झाली आणि बिराप्पा माझ्याकडे बघून एकाएकी पांढराफटक पडला. माझ्यामागं माझा जुना, बुजत आलेला खड्डा त्याला दिसला होता आणि तो घोंगडीचा ताणा आठवला होता. माझी खरी जागा वीस पावलं मागे! म्हणजे त्याचा लेक या क्षणी इंग्रजांच्या जमिनीवर उभा होता.

तेवढ्यात फौजदार तरातरा आला. "पुरे झाली नाटकं! आमचं सरकार सार्वभौम आहे. त्याला कसली हद्द?"

त्यानं बूट उचलला. सिद्धू हातभर अंतरावर होता. बिराप्पा मध्ये येऊन उभा राहिला.

"आवं सायेब, सरकारला नसंल हद्द. पर तुमाला हाय न्हवं? कागुद आनलाय का?"

कागद नव्हता. फौजदारानं माझ्याकडे पाहिलं. दगडाला तोंड नाही हे किती बरं आहे, ते मला त्या घटकेला कळलं. मग त्यानं बूट खाली ठेवला, आपल्याच बाजूला. ज्याच्यावर कुणीच नाही असं ते सरकार एका चुकलेल्या दगडापुढे थांबलं! अक्षता पडल्या, हरणा मला ओलांडून सासरी गेली आणि मी मनातल्या मनात घाम पुसला.

शेहेचाळीस साली वॉरंट रद्द झालं. सिद्धू उजळ माथ्यानं सासऱ्याच्या घरी जेवून आला. पुढच्या वर्षी इंग्रज गेले. बिराप्पानं मास्तरांना विचारलं, "मग आता सार्वभौम कोन?"

"तू. मी. आपण सगळे."

"म्या? आवं, मला घरातबी कोन इच्यारत न्हाई!" तो हसत सुटला, पण त्या दिवशी चालताना त्याची पाठ जरा ताठ होती.

अठ्ठेचाळीसच्या मार्चात संस्थान विलीन झालं आणि हद्दच पुसली गेली. मला उपटायला दोघे व्याही मिळूनच आले. बिराप्पाला आता राहवेना. "पावनं, चार वर्सं पोटात ठेवलंय. ह्यो दगड म्या चुकून वीस पावलं तुमच्यात रोवला व्हता. लग्नात सिद्धू तुमच्याच रानात हुबा व्हता. धरला आसता तर माज्या चुकीनं पोरगं गेलं आसतं."

कोंडीबानं हातातली पहार टाकली. मग त्याचा चेहरा असा फुलला, की मी चार वर्षांत तसा पाहिला नव्हता.

"मंजी लगीन माज्याच जमिनीवर लागलं!" तो ओरडला आणि त्यानं बिराप्पाला कडकडून मिठी मारली. दोन्ही म्हातारे हसता हसता रडत होते.

आता मी वाटेच्या कडेला आडवा पडून आहे. पाठ टेकली, बरं वाटतं. वाटसरूंनो, बसा माझ्यावर, तंबाखू मळा, निवांत गप्पा मारा. पण तुमच्या पाया पडतो, दोन माणसांच्या मध्ये मला पुन्हा उभा करू नका.