मी बुशे, लोक म्हणतात बाउचर

“बाउचर म्हातारी आता ठार बहिरी झालीय म्हणे. आणि घरच्या माणसांनासुद्धा—”

एवढंच बोलून शेजारच्या लुसील पेल्कीनं खिडकी ओढून घेतली. मी दारातल्या टपालपेटीवर रंगवलेला, मला पुढचं कसं कळावं? जीव टांगणीला लागला. कारण ती म्हातारी माझी. मी तिचं आडनाव बोलतोय.

मी जन्मानं फ्रेंच. खरा उच्चार बुशे, तीच अक्षरं इंग्रजीत वाचली की बाउचर. मला लावणारा एक मोठा चित्रकारही होऊन गेला, गुबगुबीत बाळं आणि गुलाबी ढग रंगवणारा. आमचे लोक मात्र कॅनडातल्या क्युबेकमधली शेती सोडून अमेरिकेत, मेन राज्यातल्या कापडगिरणीत आले. नदीच्या अलीकडे आमची वस्ती, आमचं चर्च, आमची भाषा, पलीकडे गिरणी. आमच्या घरचा कर्ता ओव्हिला. त्यानं पूल ओलांडला की मुकादम ओरडायचा, “ए बाउचर!” ओव्हिला मुकाट मान हलवायचा. संध्याकाळी परत आला की मी पुन्हा बुशे.

त्याची बायको रोझाल्मा, म्हणजे हीच म्हातारी, मात्र खमकी. वाणी “मिसेस बाउचर” म्हणाला की ही आपली अंडी निरखत उभी. ओ म्हणून द्यायची नाही. “गिरणीत नवरा जातो, मी कशाला बाउचर होऊ?”

मुलगा नॉर्मन शाळेत बाउचर झाला तो कायमचाच. पोरं चिडवायची, म्हणून घरची भाषाही त्यानं हळूहळू जिभेवरून उतरवली.

पुढे त्याची मुलगी डॅनिएल बॉस्टनला चित्रकला शिकायला गेली. सुट्टीत आली तेव्हा जेवताना सांगत होती, “बाबा, आमच्या बाई त्या चित्रकाराला ‘बूऽशेऽ’ म्हणतात. शेवटी असा हेल, जसा तोंडात लोण्याचा गोळा! अक्षरं सगळी आपलीच. मला विचारलं, तू त्यांच्यातलीच का?”

“मग काय म्हणालीस?”

“म्हटलं, छे हो, आम्ही बाउचर.”

सगळे हसले. मला नाही हसू आलं. तेच इंग्रजी बोलणारे चित्राखाली मला मखरात बसवतात आणि गिरणीत दगडासारखा भिरकावतात. मला दोन्ही नको होतं. रोझाल्माच्या तोंडचा साधा, तुटक बुशे हवा होता.

ओव्हिला केव्हाच गेला. गेल्या आजारपणानंतर तिला वृद्धाश्रमात ठेवलं, आणि माझा आवाजच बंद झाला. एक दिवस नॉर्मन तिला भेटायला निघाला. त्याच्या खिशातल्या गाडीच्या परवान्यावर मीही होतोच.

“मिसेस बाउचर! अहो मिसेस बाउचर!” नर्सबाई ओरडल्या. म्हातारी ढिम्म. “बघितलंत ना? कान गेले. सोमवारी यांना वरच्या मजल्यावर हलवू. ज्यांना कशाचाच पत्ता नसतो, ते तिथं असतात.”

“आई,” नॉर्मननं हाक मारली. तिनं मान वळवली नाही.

तो घुटमळला. घसा खाकरला. लहानपणाचा उच्चार काही केल्या सापडेना. ओठांवर आला तो लेकीनं ऐकवलेला. “मादाम बूऽशेऽ?”

म्हातारी गर्रकन वळली. “साहेबासारखा हेल कसला काढतोस मेल्या? बुशे म्हण, बुशे!”

“बुशे,” नॉर्मन म्हणाला.

इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून! माझ्या अक्षराअक्षरावर काटा उभा राहिला.

“अगंबाई, ऐकू येतं की यांना!” नर्सबाई म्हणाल्या. “मग कशाला वर हलवायचं? राहू देत इथंच.”

रोझाल्मानं नॉर्मनचा हात धरून त्याला पलंगावर बसवलं, त्याच्या गालावरून हात फिरवला. “आज लवकर आलास, ओव्हिला.”

नॉर्मन तिच्याजवळ सरकला. “हो,” तो म्हणाला, “आज लवकर सुटलो.”

तेव्हापासून तो रोज जातो. दारातूनच मला नीट हाक मारतो आणि बाप होऊन तिच्याशेजारी बसतो. मला माझा आवाज मिळाला, पण त्याला आई मिळाली नाही. म्हणून वाटतं, बाबांनो, आपलं माणूस ओळखतंय तोवरच त्याला त्याच्या घरच्या नावानं हाका मारून घ्या.

लुसीलचं कानांचं बोलणं खोटं निघालं. घरच्या माणसांबद्दलचं, तिनं अर्धवट सोडलेलं, मात्र खरं होतं.