हरल्यावरचे अकरा सेकंद

त्या दिवशी बाबांनी व्हिडिओ गेमच्या जुन्या यंत्राच्या घड्याळातला बटणाएवढा सेल बदलला, कापसाच्या काडीने खेळाच्या कॅसेटची टोके पुसली आणि लेकीला हाक मारली. ती त्यांचा दुरुस्त केलेला चष्मा द्यायला आली होती. पर्स अजून खांद्यावरच होती.

"बस की दोन मिनिटं. एक डाव खेळ."

ती उभ्या उभ्याच खेळली. पडद्यावरचा कंदीलवाला डोंगर चढत गेला. शेवटच्या खिंडीत वारा सुटला, कंदील फडफडला, आता विझणार, तोच लेकीने बटण दाबून यंत्रच बंद केले.

"लबाड!" बाबा म्हणाले. "अगं, एकदा तरी हर. थंडीतली धून अजून ऐकली नाहीस तू."

"बाबा, मला हरायलासुद्धा वेळ नाहीये."

"अकरा सेकंद लागतात गं."

"पुढच्या रविवारी हरते. नक्की."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन बाबा खुर्चीत बसले आणि पुन्हा उठले नाहीत.

मित्रांनो, कंदील विझला की वाजणारी ती जुनी धून म्हणजे मी. मला बाबांनी रचले, म्हणून मीही त्यांना बाबाच म्हणते. त्यांच्या लेकीहून मी सात वर्षांनी धाकटी.

माझ्या जन्माच्या वेळी खेळाच्या कारखान्यातले मोठे साहेब कुरकुरले होते. "हरल्यावर कोण ऐकत बसतं? एक भोंगा वाजवा आणि मोकळे व्हा." बाबा म्हणाले, "जिंकणाऱ्याजवळ सगळेच जातात, साहेब. हरलेल्याजवळ कोणीतरी नको का थांबायला?"

मग त्यांनी मला उतरते पाच सूर दिले आणि चार पोशाख शिवले. यंत्र तारीख पाहायचे आणि ऋतूप्रमाणे मला सजवायचे. उन्हाळ्यात माझ्यासाठी एकटी बासरी. पावसात बादलीच्या बुडावर बोटांचे थेंब. पानगळीत वाळक्या कागदांवरून फिरणारा कुंचला. आणि थंडीत काचेच्या पेल्याच्या काठावर चमच्याचा हलका टोला, त्यानंतर लांब शांतता. मी तीच, पाच सुरांची, पण दर ऋतूत स्वतःलाच नवी वाटायचे.

थंडीतले रूप घरीच ध्वनिमुद्रित होत होते, तेव्हा ताप आलेली लेक त्याच टेबलाखाली गोधडी पांघरून बसली होती. बाबांना सोडून ती हलायलाच तयार नव्हती. शेवटचा सूर विरत असताना ती शिंकली. ध्वनियंत्रावर बसलेल्या सोबत्याचे कान इतके तिखट की सगळे त्याला कानसेन म्हणत. त्याने कपाळाला हात लावला.

"झालं! माशी शिंकली. पुन्हा घेऊ."

"राहू दे," बाबा म्हणाले. "हे वाद्य पुन्हा मिळायचं नाही."

शिंक तशीच ठेवल्याचे तापाच्या ग्लानीत लेकीला कळले नाही, आणि त्यांनीही तिला कधीच सांगितले नाही. खेळता खेळता तिचे तिलाच सापडावे, अशी त्यांची हौस. पण लेक पडली हट्टी. हरणार असे दिसले की ती बटण बंद करायची. माझा पहिला सूरही तिने कधी पुरा होऊ दिला नाही. बाबा पाहून न पाहिल्यासारखे करायचे.

इतरांनी मात्र मला पोटभर ऐकले. ऋतू पालटला की आपण पहिल्या दिवशी मुद्दाम हरतो, असे एका परिचारिकेने पत्रात कळवले होते. किती खोल्यांत मी वाजले, मला मोजता येणार नाही. पण एका गोष्टीचे नवल अजून ओसरलेले नाही. मला ऐकून माणसे उठून जात नसत. त्याच डोंगराच्या पायथ्याशी पुन्हा उभी राहत. कंदील घेऊन. एवढे बळ त्यांच्यात कुठून येते, मला अजून उमगलेले नाही.

पुढे नवे खेळ आले आणि मी खोक्यात गेले. तरी बाबा दरवर्षी तो सेल बदलत. तो संपला असता, तर मला ऋतूच कळले नसते.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या यंत्राचा सेल जपा. आणि कोणी आपले काही ऐकवू पाहत असेल, तर अकरा सेकंद थांबा.

बाबा गेल्यावर तिसऱ्या रविवारी लेक त्यांची खोली आवरायला आली. बाहेर कडाक्याची थंडी होती. कपाटे तशीच ठेवून ती यंत्रासमोर जमिनीवर बसली. या वेळी पर्स दाराशी होती. खिंडीत वारा सुटला. कंदील फडफडला. तिचा अंगठा सवयीने बटणावर गेला आणि मागे आला.

कंदील विझला.

मी वाजले. चमचा, पेला, उतरते पाच सूर. मग शांतता, आणि त्या शांततेत सात वर्षांच्या मुलीची एक शिंक. तिच्या मागोमाग, अगदी टोकाला, बाबांचे दाबून धरलेले हसू. इतकी वर्षे ते माझ्यापाशी जसेच्या तसे होते. ते मी कसे सांभाळले, माझे मलाच ठाऊक नाही.

 लेक रिकाम्या खुर्चीकडे वळून मोठ्याने म्हणाली,

"हरले, बाबा."